डाग न धरणारं जाजम

मी माती दळते. एखाद्या लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाईनं "तुम्ही काय करता?" असं विचारलं आणि मी हे उत्तर दिलं, की ती आधी हसते, मग माझ्या तोंडाकडे निरखून बघते आणि मग निमूटपणे आपल्या ताटाकडे वळते. मला त्याचं काही वाटत नाही. कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना आहे. फाटकावरच्या पाटीवर त्याचं नाव इतकं लांबलचक आहे की ते वाचून होईपर्यंत गाडी पुढे निघून जाते. गावात सगळे त्याला गिरणीच म्हणतात, आणि मी, वैजयंता साळोखे, त्या गिरणीची मुख्य रसायनतज्ज्ञ.

गिरणीची गरज का पडली ते सांगायला हवं. माझ्या तरुणपणी लोकांना डाग न पडणाऱ्या वस्तूंचं वेड लागलं होतं. सोफ्यावर चहा सांडला तर थेंब गडगडत खाली जायचा आणि कापड कोरडंच्या कोरडं. गालिच्यावर आमटी उलटली तरी फडक्यानं टिपली की काम झालं. दुकानदार पांढऱ्या कापडावर वाटीभर हळदीचं पाणी ओतून दाखवायचे आणि आम्ही बायका तोंडात बोट घालून बघत राहायचो. हळदीचा डाग म्हणजे काय हे ज्यांनी दगडावर घासघासून अनुभवलं आहे, त्यांना हा चमत्कार वाटणारच.

चमत्कार होता तो कापडावरच्या एका पातळ लेपाचा. त्या लेपात कार्बन आणि फ्लोरिन यांची साखळी असते. ती पाण्याला, तेलाला, हळदीला, कुणालाच जवळ फिरकू देत नाही. पण जिला काही चिकटत नाही, तिला काही मोडतही नाही. ऊन, पाऊस, जंतू, सगळे तिच्यापुढे हात टेकतात. कापड झिजतं, लेप धुळीबरोबर सुटतो, त्याचे बारीक तुकडे होतात आणि ते पाण्यात, मातीत, दुधात आणि शेवटी आपल्या रक्तात येऊन बसतात. हे काही सापाचं विष नव्हे, की चावलं आणि माणूस आडवा झाला. हे घरजावयासारखं राहतं. भांडत नाही, पण वर्षानुवर्षं हलतही नाही, आणि हळूहळू थायरॉइडमध्ये, मूत्रपिंडात, कोलेस्टेरॉलमध्ये लुडबुड करत बसतं. आईकडून बाळाकडेही जातं. पुढे त्या लेपांवर बंदी आली, पण घराघरांत आणि मंगल कार्यालयांत पसरलेली कापडं काही बंदी आली म्हणून उठून चालती झाली नाहीत. ती फाटली तेव्हा कचरा डेपोत गेली, आणि डेपोतली माती आमच्याकडे आली.

ही साखळी मोडायची युक्ती शेवटी सापडली ती दळण्यात. मोठ्या पोलादी पिंपात दूषित माती घालायची, तिच्यात फॉस्फेटचा एक साधा क्षार मिसळायचा, पोलादाचे गोळे टाकायचे आणि पिंप गरगर फिरवायचं. दोन गोळ्यांच्या मधे मातीचा कण सापडला की त्या टिचभर जागेत क्षणभर असा जबरदस्त जोर एकवटतो, की कार्बननं धरलेला फ्लोरिनचा हात सुटतो. सुटलेलं फ्लोरिन क्षारात अडकतं आणि टूथपेस्टमध्ये असतो तसला साधा पदार्थ होऊन गप्प बसतं. भट्टी नको, धूर नको. मला या यंत्राचा अभिमान आहे आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

त्याची एकच खोड आहे. बाहेर येणारी माती मैद्यासारखी असते. तिच्यात गांडूळ नाही, मुळी नाही, ओलावा धरायची ताकद नाही. डेपोतल्या मातीचं त्यानं काही बिघडत नाही. पण माती म्हणजे ज्याचं सर्वस्व, अशा माणसाशी माझी गाठ पडायची होती, आणि तो माणूस माझाच धाकटा भाऊ निघाला.

धैर्यशील उंबरकट्टा तालमीचा वस्ताद आहे. हल्ली मोठ्या कुस्त्या गादीवर होतात, तरी आमच्या तालमीत आजही पहाटेचा घाम लाल मातीतच गाळला जातो. त्याची मुलगी शिवन्या त्याच मातीत वाढली. माझ्या लहानपणी मुलींनी कुस्तीच्या हौद्याच्या कठड्याला हातसुद्धा लावायचा नाही असा दंडक होता. माझ्या भाचीनं सहाव्या वर्षी त्या हौद्यात सरळ उडी मारली आणि धैर्या तिला बाहेर काढायला गेला, तो तिला डाव शिकवूनच वर आला.

गेल्या वर्षी राज्याच्या संघात तिची निवड झाली आणि खेळाडूंची नेहमीची तपासणी झाली. दुसऱ्या दिवशी ती माझ्या प्रयोगशाळेत घुसली.

"आत्या, मी आलो," तिनं दारातूनच सांगितलं. आमच्याकडच्या मुली अशाच बोलतात, पुण्याच्या पाहुण्यांनी कितीही भुवया उंचावल्या तरी. "हे बघ की काय आलंय रक्तात. डॉक्टर म्हणाले, तुझ्या आत्यालाच विचार, तिचाच प्रांत हाय."

मी आकडा बघितला आणि खुर्चीत नीट बसले. आमच्या गिरणीत मास्क लावून, हातमोजे घालून दिवसभर त्याच मातीशी झटणाऱ्या माणसांच्या रक्तातही एवढं फ्लोरिनचं रसायन सापडत नाही.

"मरतोय का काय मी?" तिनं हसत विचारलं, पण हात टेबलाची कड धरून होता.

"मरायला काय धाड भरलीय? आत्ता तुला काही झालेलं नाही. पण हे येतंय कुठून ते शोधून बंद करायचं, म्हणजे हळूहळू उतरेल. घाबरायचं ते न शोधता बसलं तर."

आम्ही शोधायला लागलो. पाणी तपासलं, तवे तपासले, रेनकोट, बूट, गादीवरच्या कुस्तीचा पोशाख, सगळं. आमची तपासणीची पट्टी साधी असते. संशयित वस्तू भिजवलेलं पाणी तिच्यावर टाकायचं, रसायन असलं की ती जांभळी होते. शिवन्याच्या घरात एकही पट्टी जांभळी झाली नाही. उलट भावजयीनं मलाच ऐकवलं, "वन्सं, माझ्या घरात लोखंडाचा तवा आन पितळंची भांडी. तुमच्याच घरात असतील नसते लाड."

मग एका सकाळी मी तालमीत गेले. कुस्त्या संपल्या होत्या. पोरं हौदा सारखा करत होती, मातीत ताक, तेल, हळद आणि लिंबू शिंपडून ती हातानं कालवत होती. हे काम आमच्या तालमीत पिढ्यानपिढ्या चालतं. माती बदलायची नाही, फक्त तिला खाऊपिऊ घालायचं. ती माती माझ्या पणजोबांच्या काळापासूनची आहे असं सांगतात, आणि माती सारखी झाली की तिला उघडं ठेवायचं नाही, हाही नियम. माती आई आहे, तिला पांघरूण घालायचं. पोरांनी कोपऱ्यातून एक मोठं जाजम उचललं आणि हौद्यावर अंथरलं.

एका पोराच्या हातातली ताकाची चरवी कलंडली. ताक जाजमावर सांडलं आणि पाऱ्यासारखे थेंब होऊन गडगडत कडेला गेलं. जाजम कोरडंच्या कोरडं.

"हे कुठलं रे जाजम?" मी विचारलं.

धैर्या अभिमानानं पुढे आला. "भारी हाय का न्हाई अक्का? आपल्या गल्लीतल्या मांडववाल्यानं दिल्यालं, देवाघरी गेला बिचारा. तेल सांडू दे, ताक सांडू दे, डाग म्हणून न्हाई. बारा म्हयने मातीवर असतंय."

मी पिशवीतून हातमोजे काढले, चमचा काढला आणि हौद्यात उतरले. ज्या मातीला लहानपणी हात लावू दिला नाही, तिला मी आयुष्यात पहिल्यांदा हात लावत होते, आणि तोही रबराचा मोजा घालून. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. भावाला काय वाटलं असेल ते मी विचारलं नाही.

पट्टी जांभळी झाली नाही, ती जवळजवळ काळी पडली.

जाजमाचा लेप रोज ओल्या मातीवर घासला जात होता. ताकाचा आंबटपणा, तेल, पोरांच्या अंगाचा घाम, सगळं त्याला मातीत मुरवत होतं. आणि पैलवान ती माती अंगाला फासतात, श्वासातून घेतात, चीतपट झाले की तोंडानं खातात. पण एकटं वरचं जाजम हिशेबाला पुरत नव्हतं. मातीत सापडलं ते फारच जास्त होतं.

"धैर्या, आधीचं जाजम कुठं गेलं?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवघरातला देव कुठं टाकला असं विचारलं आहे. "टाकतोय व्हय? मातीला लागल्यालं कापड उकिरड्यावर? ते मातीच्या पोटात घालायचं असतंय अक्का. पयलं सुती जाजम असायचं, ते फाटलं की आज्जा हौद्याच्या बुडाला अंथरायचा. दोन-चार वर्सांत त्याचीच माती व्हायची."

सुती जाजमाची माती व्हायची. याची कशी होईल? आम्ही हौदा खणला. गुडघाभर खाली एक जाजम निघालं, त्याच्याखाली दुसरं. रंग उडालेला, कडा विरलेल्या, पण पाणी ओतलं तर अजूनही थेंब गडगडत होते. चांगल्या रिवाजानं माणसाची अशी फसवणूक करावी, याचा मला राग आला. कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून मी पोरांवर ओरडले, की मास्क लावल्याशिवाय खाली उतरायचं नाही.

धैर्या कठड्यावर बसून राहिला होता. शिवन्यानं त्याला पाणी आणून दिलं.

"आबा, ही माती आत्याच्या गिरणीत घालूया."

"दळायची?" त्यानं माझ्याकडे बघितलं. "दळल्यावर माती ऱ्हाती का अक्का ती? खरं सांग."

मी खोटं बोलत नाही, त्यामुळे माझे फारसे मित्र नाहीत. "राहते. पण तिच्यात कुस्ती होणार नाही. मैद्यासारखी होते. तिला पुन्हा ताक, तेल, शेणखत, पालापाचोळा घालून जिवंत करावी लागेल. काही वर्षं जातील."

"आन डेपोत टाकून दिली तर?"

"तर दुसऱ्या कुणाच्या तरी विहिरीत जाईल."

तो उठला आणि घरी गेला. पण दुसऱ्या दिवशी तालमीतली पोरं ट्रॉलीत माती भरताना दिसली आणि वस्ताद स्वतः फावडं मारत होता. पणजोबांची माती त्यानं एका दिवसात रिकामी केली. मला माझ्या भावाचा तेव्हा फार अभिमान वाटला. एवढ्यावर ही गोष्ट संपली असती, तर मी ती सांगितलीही नसती.

माती दळायला गेली तेव्हा शिवन्या गिरणीत माझ्यासोबत उभी होती. पिंप फिरत होतं, गोळ्यांचा खडखडाट चालू होता. तिनं कानाशी तोंड आणून विचारलं, "आत्या, विरजण दिल्यालं त्याचं काय?"

मला आधी समजलं नाही. मग तिनं समजावून सांगितलं. नवी तालीम कुठं सुरू झाली, की तिचा हौदा नुसत्या खाणीच्या मातीनं भरत नाहीत. जुन्या नामांकित तालमीची एक पाटी माती आणून तिच्यात कालवतात. तिलाच पैलवान विरजण म्हणतात. उंबरकट्ट्याच्या मातीला तर फार मान. सांगलीपासून बेळगावच्या अलीकडेपर्यंत तिचं विरजण गेलं होतं. आणि ती माती पिशवीत घालून देत नाहीत. मातीला लागलेल्या जुन्या जाजमाच्या तुकड्यात बांधून देतात, आणि घेणारे तो तुकडा मोठ्या भक्तीनं आपल्या हौद्याच्या बुडाला अंथरतात.

मी त्याच संध्याकाळी भावाकडे गेले. तो चहा पीत होता.

"ज्यांना ज्यांना माती दिलीस त्यांना सांगायला पाहिजे."

"एक पाटी माती गं अक्का. हजार पाट्यांत मिसळली. काय होतंय?"

"पाटीचं कमी असेल. जाजमाच्या तुकड्याचं नसेल. ते खाली पडून रोज सुटत राहणार. आणि मोजल्याशिवाय कमी-जास्त मी सांगत नाही."

"सांगायचं काय पर? उंबरकट्ट्याचा वस्ताद आलाय, आन म्हणतोय, मी दिल्याली माती इषारी हाय, उकरून टाका?" त्यानं कप आपटला. "लोकं कपाळाला लावत्यात ती माती. आज्जानं दिली, बानं दिली, मी दिली. दिल्यालं परत मागायचं? आमच्यात असं कुणी केलं न्हाई."

"मग मी सांगते."

"तू सांगितलंस तर तुझं माझं तुटलं बघ."

भावजय आतून बाहेर आली आणि परत आत गेली. मला बोलायला खूप सुचत होतं. आई गेल्यावर या पोराला मी हातानं भरवलं होतं. मी एवढंच म्हणाले, "हेळेवाडीला किती मुली आहेत रे?"

त्याला ठाऊक होतं. गडहिंग्लजच्या पुढे हेळेवाडी नावाचं लहानसं गाव आहे. तिथं त्याचा लाडका पठ्ठा भैरू नाईक यानं फक्त मुलींची तालीम काढली होती. शाळेतल्या, दहा-बारा वर्षांच्या, वाडीवस्तीवरून सायकली हाणत येणाऱ्या मुली. त्यांना विरजण धैर्यानं स्वतः डोक्यावर पाटी घेऊन नेऊन दिलं होतं.

काही दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मीही गेले नाही. हे वाचून कुणी म्हणेल, बाई, तुम्ही सरळ फोन का केला नाहीत? केला असता. सुरुवात हेळेवाडीपासून करायची म्हणून तिथं जायचा दिवस मी ठरवला होता, तपासणीची पेटी भरून ठेवली होती. पण ते शब्द त्याच्या तोंडून निघावेत अशी माझी इच्छा होती, कारण भैरूनं माझं ऐकलं नसतं. तालमीत रसायनतज्ज्ञापेक्षा वस्तादाचा शब्द मोठा. आणि खरं कारण सांगायचं तर मला माझा भाऊ हवा होता.

मधे एकदा तो गिरणीत आला. मला भेटायला नाही, माती बघायला. कामगार म्हणाले, ढिगाजवळ उभा राहिला, हात घातला, मूठ उघडली. माती बोटांमधून पाण्यासारखी गळून गेली. तसाच निघून गेला.

जायच्या दिवशी सकाळी मी आणि शिवन्या गाडीत बसलो, तर हा मागच्या सीटवर आधीच बसलेला. डोक्याला फेटा, अंगात इस्त्रीचा सदरा.

"आबा, तुम्ही?" शिवन्या ओरडलीच.

"गप बस. गाडी हाण," तो म्हणाला. मग रस्ताभर खिडकीबाहेर बघत राहिला. निपाणीच्या अलीकडे एकदाच बोलला. "अक्का, शिवन्याचं तुला कळलं म्हणून आपण माती बंद केली. त्या पोरींच्यात कुणाची आत्या तुझ्यागत असली न्हाई तर?"

मी मान फिरवून बाहेर बघितलं, कारण मला रडू आवरेना.

हेळेवाडीत वस्ताद येणार हे शिवन्यानं कळवलं होतं, का ते कळवलं नव्हतं. भैरूनं रांगोळी काढून घेतली होती, हलगी बोलावली होती. मुली लाल बनियन-चड्ड्यांत रांगेत उभ्या होत्या आणि एकेक जण वाकून धैर्याच्या पाया पडत होती. भैरू दणकट माणूस, पण आनंदानं नुसता इकडून तिकडे पळत होता.

"वस्ताद, पयली जोड तुमच्या हातनं लावायची. माती लावा पोरीस्नी."

हा तालमीतला मान. कुस्ती लावण्याआधी वस्ताद हौद्यातली मूठभर माती पैलवानाच्या पाठीवर चोळतो. दोन मुली पुढे आल्या, पाठ करून वाकून उभ्या राहिल्या. हलगी थांबली. धैर्या हौद्यात उतरला. त्यानं वाकून माती हातात घेतली. मी आणि शिवन्या कठड्यापाशी उभ्या होतो आणि मला वाटलं, आता हा माती लावणार. एवढी माणसं, एवढी हौस, कोण मोडेल? शिवन्यानं माझं मनगट घट्ट धरलं.

त्यानं मूठ उघडली आणि माती खाली टाकली.

"पोरींनो, बाहेर या हौद्यातनं," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "भैरू, ही माती लावायची न्हाई. कुणीच न्हाई. ह्यात मी इष आणून घातलंय."

कुणाला काही कळलं नाही. मग तो बोलत गेला. जाजम, जाजमावरचा लेप, हौद्याच्या पोटात निघालेली जाजमं, शिवन्याचं रक्त. मधे अडला की माझ्याकडे बघायचा, मी एखादं वाक्य पुरवायची, आणि तो ते हेळेवाडीच्या भाषेत करून सांगायचा. मी आयुष्यभर रसायनशास्त्र समजावते आहे, पण इतकं स्वच्छ मला कधी जमलेलं नाही. शेवटी म्हणाला, "मला ठावं नव्हतं. पर कळल्यावर मी लगेच आलो न्हाई. नाव जाईल म्हणून बसून ऱ्हायलो. दिल्याली माती मी परत मागाय आलोय. द्या."

मी पेटी उघडून पट्टी टाकली. जांभळी झाली. आमच्याएवढी गडद नाही, पण कुणालाही लांबून दिसेल इतकी. भैरूनं ती बघितली आणि वळून थेट निघून गेला. वस्तादाच्या पाया पडला नाही, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

हलगीवाल्यानं हलगी पिशवीत घातली. मुलींच्या आया आपसांत कुजबुजायला लागल्या. धैर्या हौद्याच्या कठड्यावर बसला. फेटा काढून त्यानं मांडीवर ठेवला. त्याच्या शेजारी बसून मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, तो लहान होता तेव्हा फिरवायची तसा.

"तुटलं का गं आपलं?" त्यानं विचारलं.

"येड्या," मी म्हटलं.

तेवढ्यात रांगेतली एक चुणचुणीत मुलगी पुढे आली. "मग आज सुट्टी का ओ वस्ताद?"

धैर्यानं मान वर केली. "सुट्टी कुणी दिली? शाळंचं मैदान हाय न्हवं? गवतावर लढा. रडायचं न्हाई लागलं तर."

मुली आरडाओरडा करत मैदानाकडे पळाल्या आणि शिवन्या त्यांच्या मागे. ती तिथं काय करत होती ते बघायला आम्ही उठणार, एवढ्यात तालमीच्या मागून ट्रॅक्टरचा आवाज आला. भैरू रिकामी ट्रॉली घेऊन आला होता. गावातले चार-पाच जण फावडी घेऊन मागे चालत होते. त्यांच्या तोंडाला उपरणी बांधलेली होती. तोंड बांधल्याशिवाय मातीत उतरू नका, हे माझं वाक्य कुणीतरी ऐकलं होतं म्हणायचं.

भैरू खाली उतरला. डोळे लाल होते. वस्तादासमोर उभा राहिला आणि कुणाशी तरी भांडायला आल्यासारखा बोलला, "वस्ताद, माती भरून देतो. आजच न्या. पर एक सांगतो. दळून झाली की पयली पाटी मला पाहिजे. मैदा असू दे, राख असू दे. विरजण मी दुसऱ्या कुणाकडनं आणणार न्हाई."

धैर्या उठला. त्यानं भैरूच्या हातातलं फावडं घेतलं.

"पाटी कशाला?" तो म्हणाला. "दळल्याली सगळी माती इथंच आणून मुरवूया. ती जिती हुईस्तवर मीच येतो ऱ्हायला."

आणि तो हौद्यात उतरून खणायला लागला.